घराचे दार आणि माणसाचे नशीब : चीनचा वांग छोंग



परदेशात घर घ्यायला निघालो की आपल्याला दोन प्रकारचे सल्लागार भेटतात. एक वास्तुशास्त्र सांगतो, दुसरा फेंग शुई. फेंग शुई चीनची. पण ज्या देशात ही विद्या वाढली, त्याच देशात तिच्या पूर्वरूपाला कडक प्रश्न विचारणारा एक माणूस सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याचे नाव वांग छोंग.

त्याचा जन्म इ.स. २७ मध्ये, आजच्या झेज्यांग प्रांतातील शांग्यू येथे झाला. पूर्वजांना लढाईतील कामगिरीबद्दल जहागीर मिळाली होती, पण ती टिकली नाही. मग घराण्याने शेती केली, रेशमाचे किडे पाळले. आजोबांनी व्यापार केला. धनदांडग्यांशी वैर झाल्यामुळे कुटुंबाला राहते ठिकाण सोडून शांग्यूला यावे लागले. आठव्या वर्षी वांग छोंग शाळेत गेला. तेथे शंभरावर मुले होती आणि खराब अक्षरासाठीही मार बसत असे. त्याला कधी तो खावा लागला नाही.

पुढे तो राजधानी लोयांगला शिकायला गेला. इतिहासकार बान ब्याव तेथे त्याचे गुरू होते, असे हान वंशाचा इतिहास सांगतो. पुस्तके घ्यायला पैसे नव्हते. म्हणून बाजारातील पुस्तकांच्या दुकानांत जाऊन तो वाचत असे आणि एकदा वाचलेले त्याच्या लक्षात राहत असे.

शिक्षणानंतर त्याने जिल्ह्याच्या कचेरीत छोट्या नोकऱ्या केल्या. वरिष्ठांना चूक दाखवण्याची सवय असल्याने त्या टिकल्या नाहीत. शेवटी तो दार लावून लिहायला बसला. दारे, खिडक्या, भिंती, सगळीकडे त्याने लेखणी आणि चाकू ठेवले होते. त्या काळी बांबूच्या पट्ट्यांवर लिहीत आणि चुकलेले चाकूने खरवडून काढत. त्यातून ‘लुन-हंग’ हा ८५ प्रकरणांचा ग्रंथ तयार झाला. नावाचा अर्थ साधारण असा, की लोकांची मते तराजूत घालून तोलणे.

त्या काळी घराची एक विद्या चालत असे. उच्चारावरून आडनावे पाच सुरांत वाटली जात आणि प्रत्येक सुराला एक तत्त्व दिलेले असे. ‘शांग’ सुराचे आडनाव म्हणजे धातू, आणि दक्षिण म्हणजे अग्नी. अग्नी धातूला वितळवतो, म्हणून त्या आडनावाच्या माणसाने दक्षिणेकडे दार ठेवायचे नाही. ठेवले तर आजार, शिक्षा, दारिद्र्य ठरलेले.

वांग छोंगने प्रश्न विचारले. हा नियम घरालाच का? बाजारातील दुकानांना दारे नाहीत का? माणूस दिवसभर बैठकीत बसतो, मग शुभाशुभ दारावरून का ठरवायचे? सरकारी निवासांची दारेही निरनिराळ्या दिशांना असतात आणि आत निरनिराळ्या आडनावांचे अधिकारी राहतात. बढती आणि बडतर्फी त्या हिशोबाने होते का? आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला टेस्ट केस म्हणतो, ते त्याने त्या काळी लिहून ठेवले.

घर पश्चिमेकडे वाढवू नये, असाही समज होता. त्याने विचारले, पश्चिमेला वाढवणे अशुभ असेल तर तिकडचा भाग पाडणे शुभ का? घर बांधून झाल्यावर लोक भूमीची क्षमा मागत, आपल्याकडच्या वास्तुशांतीसारखा तो विधी. त्यावर त्याचे उत्तर असे होते : माणसाच्या अंगावरच्या पिसवांनी जमून क्षमा मागितली, तर माणसाला ते कळेल का? शुभ मुहूर्ताबद्दल त्याने चांगपिंगच्या लढाईची आठवण दिली. तेथे झाओ राज्याचे चार लाख सैनिक एकदम मारले गेले, असे इतिहास सांगतो. त्यांतल्या कोणीच घर सोडताना चांगला मुहूर्त पाहिला नसेल का?

त्याच्या हीन कुळावरूनही त्याला टोमणे मारले गेले. त्याचे उत्तर होते की थोरपण वंशाने येत नाही. थोर माणसाच्या मागे थोर पूर्वज असावेच लागतात असे नाही. जन्मावरून माणूस मोजणारे आपल्याला अपरिचित नाहीत, म्हणून हे उत्तर आपल्याला जवळचे वाटते.

वांग छोंग बौद्ध नव्हता. माणसाचे दैव जन्मतःच ठरते, असे तो मानत असे आणि ते आपल्याला पटणारे नाही. म्हातारपणी सम्राटाने त्याला बोलावले, पण आजारपणामुळे तो गेला नाही. सुमारे इ.स. १०० च्या आसपास तो घरीच वारला.

त्याच्यानंतर ही विद्या थांबली नाही, उलट वाढली. गुओ पू (२७६–३२४) याच्या नावावर चालणाऱ्या दफनग्रंथात वारा आणि पाणी यांवर सगळा भर आहे. फेंग शुई या शब्दांचा अर्थही तोच. पाठीशी डोंगर, समोर पाणी, डावीकडे नीलनाग आणि उजवीकडे श्वेतव्याघ्र मानलेल्या टेकड्या, हे चिनी मनातले आदर्श स्थळ झाले. त्यात व्यवहारही आहे. उत्तरेचा गार वारा अडतो, दक्षिणेचे ऊन मिळते, पाणी जवळ असते. असे घर कोणालाही आवडेल. पण ऊन आणि वारा तपासून पाहता येतो, आडनावाचा सूर नाही. वांग छोंगचे प्रश्न या दुसऱ्या गोष्टीला होते.

दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात वास्तुविद्येवर पोट भरणे हे हीन उपजीविकेत गणले आहे आणि भिक्खूने त्यापासून दूर राहावे असे सांगितले आहे. तेव्हा घर घेताना ऊन, ओल, रस्ता, शाळा आणि हप्ता नीट पाहावा. दाराच्या दिशेसाठी कोणी वेगळे पैसे मागू लागला, तर त्याच दिशेला दार असलेल्या शेजाऱ्यांचे कसे चालले आहे, एवढे त्याला जरूर विचारावे.