एका छिद्रातून आलेला उजेड

जुन्या वाड्यात भर दुपारी दार लावून बसलेल्यांनी हा चमत्कार पाहिला असेल. दाराच्या बारीक भोकातून उजेड आत येतो आणि समोरच्या भिंतीवर रस्त्यावरून जाणाऱ्या टांग्याचे उलटे चित्र उमटते. भोक मोठे असेल तर चित्र पुसट. लहान केले की रेखीव, पण अंधुक. एवढ्याशा या खेळापायी बायकोचे दागिने आणि स्वतःचे डोळे पणाला लावणारा माणूस आपल्या नाशिकचाच. धुंडिराज गोविंद, म्हणजेच दादासाहेब फाळके.

जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित. मुलाचा ओढा मात्र चित्रांकडे. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत प्रवेश, पुढे बडोद्याच्या कलाभवनात चित्रकलेबरोबर छायाचित्रणाचे धडे. गोध्र्याला त्यांनी फोटोचा धंदा मांडला, पण प्लेगने पत्नी आणि मूल दोघांनाही नेले. पुढे सरस्वतीबाईंशी विवाह झाला, छपाईच्या व्यवसायात नाव मिळाले. तेही सुटले.

१९११ च्या सुमारास गिरगावात त्यांनी ख्रिस्तचरित्राचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावर आपले राम-कृष्ण का नकोत, या विचाराने त्यांना पछाडले. रात्रंदिवस चित्रपट पाहणे, घरी प्रयोग, झोप जेमतेम. शेवटी डोळ्यांनी असहकार पुकारला. काही काळ दिसेनासेच झाले. उजेडाच्या मागे लागलेल्या माणसाच्या वाट्याला अंधार आला! डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परतली, तसे दादासाहेब पुन्हा कामाला लागले. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ मध्ये लंडन गाठले आणि विल्यमसन कॅमेरा विकत घेतला.

त्या काळी कोरी फिल्म छिद्रांविना येई. कॅमेऱ्याच्या दात्यांनी ती पुढे सरकावी म्हणून दोन्ही कडांना भोके पाडावी लागत, प्रत्येक चित्रामागे आठ. हे काम अंधारातच करायचे, कारण उजेडाचा एक कवडसा पडला की फिल्म वाया. दिवसभर रांधून मंडळींना जेवू घालणाऱ्या सरस्वतीबाई रात्री हे यंत्र चालवीत. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फूट; म्हणजे एका प्रतीला पावणेपाच लाखांच्या आसपास भोके! ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये तो लोकांसमोर आला. त्याच वर्षी दादासाहेबांनी बिऱ्हाड नाशिकला हलवले. १९१८ मध्ये येथेच हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली.

पुढे बोलपट आले आणि काळ बदलला. 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांची प्राणज्योत मालवली, तेव्हा जग त्यांना जवळजवळ विसरले होते.

योगायोग असा, की त्याच १९४४ मध्ये अमेरिकेत हान्स बेथे या शास्त्रज्ञाने अतिसूक्ष्म छिद्रांचे गणित प्रसिद्ध केले. साधे भोक निम्म्या रुंदीचे केले, तर उजेड चौपट घटतो. पण प्रकाशाची लहर मिलिमीटरच्या दोन हजाराव्या भागाएवढी. छिद्र तिच्याहूनही पुष्कळ लहान असेल, तर रुंदी निम्मी होताच पलीकडे जाणारा उजेड चौसष्टपट घटतो. दूरवरून पाहिले तर अंधारच. छिद्राच्या अगदी तोंडाशी मात्र प्रकाश चिकटून असतो. त्याच निकटच्या प्रकाशाचा उपयोग करून, साध्या सूक्ष्मदर्शकाला न दिसणारे बारकावे टिपणारी यंत्रे १९८० च्या दशकात तयार झाली.

दादासाहेबांना हे गणित ठाऊक असण्याचे कारण नाही. पण त्यांचे अखेरचे दिवस काहीसे तसेच गेले. दुरून पाहणाऱ्यांना तिथे काहीच उरले नसल्यासारखे वाटले. १९६९ पासून त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतला सर्वोच्च पुरस्कार दिला जातो. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचे स्मारकही आहे. पुढच्या वेळी मुलांना तिकडे न्याल, तेव्हा दादासाहेबांबरोबरच अंधारात बसून फिल्मला भोके पाडणाऱ्या सरस्वतीबाईंची गोष्टही त्यांना आवर्जून सांगा.