स्वदेशीचे नाविक : चिदंबरम पिल्लै

दक्षिणेतील ओट्टपिडारम गावी ५ सप्टेंबर १८७२ रोजी जन्मलेले व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै वडिलांप्रमाणेच वकील झाले. तुतिकोरिन ते कोलंबो ही जलवाहतूक त्या काळी ब्रिटिश कंपनीच्या मुठीत होती. लोकमान्य टिळकांना गुरुस्थानी मानणाऱ्या चिदंबरम यांनी १९०६ मध्ये स्वदेशी स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली. दहा लाखांचे भांडवल पंचवीस रुपयांच्या भागांत विभागले असल्याने लहान व्यापारीही तिचा भागधारक होऊ शकत होता. भाड्याची जहाजे मिळेनाशी झाल्यावर त्यांनी मुंबई गाठली आणि खटपट करून ‘गॅलिया’ व ‘लावो’ ही जहाजे मिळवली.

प्रतिस्पर्धी कंपनीने तिकीट एका रुपयावर आणले, तेव्हा स्वदेशी कंपनीने ते आठ आण्यांवर नेले. मग प्रतिस्पर्ध्याने मोफत प्रवास व वर एक छत्री देऊ केली.

१९०८ मध्ये गिरणी कामगारांच्या संपाला पाठबळ दिल्यानंतर चिदंबरम यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक होऊन जन्मठेप झाली. अपिलात शिक्षा घटली. तरी तुरुंगात त्यांना तेलाचा घाणा ओढावा लागला. १९१२ च्या अखेरीस ते सुटले, तेव्हा कंपनी बुडाली होती आणि वकिलीची सनदही गेली होती. पुढे वॉलेस या इंग्रज न्यायाधीशांनी ती परत मिळवून दिली. चिदंबरम यांनी कृतज्ञतेने एका पुत्राचे नाव वालेश्वरन ठेवले.

१८ नोव्हेंबर १९३६ रोजी तुतिकोरिन येथे त्यांचे निधन झाले. त्यांची जहाजे जेथून सुटत, त्या नगरीच्या बंदराला २०११ पासून त्यांचेच नाव आहे.