चार्नली यांच्या खुब्याचा धडा

खुब्याचा सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया आज आपल्याकडे ओळखीची झाली आहे. तिचा पाया घातला सर जॉन चार्नली यांनी. इंग्लंडमधील बरी गावी १९११ साली जन्मलेले चार्नली मँचेस्टरला डॉक्टर झाले आणि पुढे रायटिंग्टन रुग्णालयात त्यांनी खुब्याच्या शस्त्रक्रियांचे खास केंद्र उभारले.

धातूचा छोटा गोळा, त्यासाठी प्लास्टिकची वाटी आणि हाडात पकड देणारे ॲक्रिलिक सिमेंट, अशी त्यांची रचना होती. वाटीसाठी त्यांनी गुळगुळीत टेफ्लॉन निवडले. सुमारे तीनशे रुग्णांना ती बसवली. आधी सगळे सुखाने चालू लागले. पण काही वर्षांतच वाट्या झिजल्या, त्यांच्या कणांनी भोवती सूज आली आणि सांधे सैल झाले. चार्नली यांनी अपयश दडवले नाही. रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया केल्या आणि ते कण स्वतःच्या मांडीतही टोचून पाहिले.

१९६२ मध्ये एका विक्रेत्याने पॉलिएथिलीनचा तुकडा आणला. चार्नली यांना तो पटला नाही. पण सहायक हॅरी क्रेव्हन यांनी तो झीज मोजण्याच्या यंत्रावर लावला. तीन आठवड्यांतली झीज टेफ्लॉनच्या एका दिवसाच्या झिजेपेक्षा कमी भरली! त्याच नोव्हेंबरात नवी वाटी वापरात आली. या वेळी मात्र चार्नली रुग्णांना वर्षानुवर्षे तपासत राहिले. १९७७ मध्ये त्यांना ‘सर’ किताब मिळाला. १९८२ मध्ये ते वारले.

पुढे थोड्याच वर्षांत सिमेंटला पर्याय म्हणून हायड्रॉक्सिॲपेटाइटचा लेप आला. हाडातल्या खनिजासारखे हे सिरॅमिक प्लाझ्माच्या हजारो अंश तापमानाच्या झोतातून धातूवर फवारतात. त्या उष्णतेने त्याचा काही भाग बदलतो: स्फटिकांची घडी मोडते, कुठे ट्रायकॅल्शियम फॉस्फेट तयार होते. असा भाग शरीरात लवकर विरघळतो. थोडा विरघळला तर हाड धरायला मदतच होते. फार विरघळला तर लेप सुटतो आणि सांधा हलतो. म्हणून लेपाची जाडी आणि स्फटिकांचे प्रमाण काटेकोर तपासावे लागते.

वस्तू बदलली, तरी चार्नली यांचा धडा तोच आहे: खरी परीक्षा शरीरातच होते. सांधा बदलला असेल, तर दुखत नसले तरी ठरलेल्या वेळी एक्स-रे काढून घ्या. सैलपणा पुष्कळदा दुखण्याआधी तिथेच दिसतो.