सायकलीच्या दुकानापासून

आमच्या सुरतेत पहाटेपासून स्कूटरींची व मोटारसायकलींची रीघ लागते. बिचारी सायकल कडेने जाते. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र तीच सायकल श्रीमंतांची हौस होती. त्या काळी सायकली विकणाऱ्या कै. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्याच्या इच्छेने ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले, परंतु काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांस कळेना! तेव्हा रंग सोडून त्यांनी यंत्रांची रेखाटने हाती घेतली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. मुंबईत सायकली विकत घेऊन ते बेळगावास धाडीत. वडीलबंधू रामूअण्णा त्या विकीत व गिऱ्हाइकांस चालवावयासही शिकवीत.

पुढे हक्काची बढती दुसऱ्यास मिळाली. लक्ष्मणरावांनी नोकरीवर पाणी सोडले आणि ते बेळगावच्या दुकानात येऊन बसले. दुरुस्तीच्या कामाबरोबर कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर घडू लागले. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपण्यास सुमारे दोन वर्षे लागली. इतके दिवस भांडवल अडकून पडले असता धीर धरणे सोपे नव्हे.

त्यातच नगरपालिकेने जागा सोडावयास लावली. औंधच्या राजेसाहेबांनी आश्रय दिला आणि १९१० साली कुंडलजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. २६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव निवर्तले. बेळगावात त्या दुकानाचा रस्ता किर्लोस्कर रोड म्हणून ओळखला जातो.