रुपयाचा प्रश्न आणि बाबासाहेब

(बी. ए. द्वितीय वर्ष)

माझ्या पणजीच्या तोंडी शेवटपर्यंत दोन शब्द होते : हाली आणि कलदार. हाली म्हणजे निजामाचा रुपया, कलदार म्हणजे इंग्रजांचा. सात हालीला सहा कलदार हा हिशेब ती बोटांवर करून दाखवी. १९४८ साली निजामाचे राज्य गेले, १९५९ पर्यंत हाली शिक्काही चलनातून गेला. पण तिच्या ट्रंकेच्या तळाशी फडक्यात बांधलेले चार हाली रुपये तसेच राहिले. चारठाण्याहून जिंतूरला सराफाकडे नेले, तर तो त्यातील चांदी तेवढी तोलतो. त्यावर कोणाचे नाव आहे ते पाहत नाही.

मग रुपयाची किंमत कशात असते? त्याच्या चांदीत, राजाच्या शब्दात, की तिजोरीत ठेवलेल्या सोन्यात? हा प्रश्न मला पडला तेव्हा माहीत नव्हते, की ज्यांची जयंती आम्ही दरवर्षी १४ एप्रिलला मिरवणूक काढून साजरी करतो, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ह्याच प्रश्नावर लंडनची डी. एस्सी. मिळविली होती. घटनेचे शिल्पकार आपल्याला ठाऊक आहेत. अर्थशास्त्रज्ञ बाबासाहेब मात्र आपण जणू कपाटात ठेवून दिले आहेत!

भीमराव १८९१ साली महू येथे जन्मले. वडील रामजी लष्करात सुभेदार. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. आई लहानपणीच गेली. साताऱ्याच्या शाळेत वेगळे बसणे, तहान लागली तरी माठाला हात न लावणे, हे सारे आपण वाचलेले आहे. १९०७ साली ते मॅट्रिक झाले, पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तेथून लंडनला. परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपली व १९१७ साली शिक्षण अर्धे टाकून परतावे लागले. त्यांची पुस्तके ज्या बोटीवर होती, ती महायुद्धात बुडाली. बडोद्यात नोकरी होती, पण राहायला जागा कोणी देईना. पुढे मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर तेथेही काही सहकाऱ्यांना त्यांनी पाण्याच्या भांड्याला हात लावलेला खपेना. ज्या माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते असे लोक मानीत होते, तोच माणूस त्या वेळी साम्राज्याच्या चलनाचा अभ्यास करीत होता!

पगारातून शिल्लक टाकून, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भाथेना यांचे कर्ज घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले. इकडे रमाबाई हालअपेष्टांत संसार चालवीत होत्या. तिकडे बाबासाहेब अर्धपोटी राहून ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात दिवस काढीत होते. १९२१ साली एम. एस्सी. झाली, १९२२ साली बॅरिस्टरी. त्याच वर्षी ‘प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा प्रबंध त्यांनी सादर केला. परीक्षकांनी तो परत लिहून मागितला. पैसे संपलेले होते. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईला आले, येथूनच सुधारून पाठविला, आणि त्या वर्षअखेर पदवीही मिळाली व लंडनमध्ये ग्रंथही निघाला. प्राध्यापक एडविन कॅनन यांनी मते पटत नसतानाही त्याला प्रस्तावना लिहिली. गुरू असावा तर असा! ग्रंथ आईवडिलांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे.

आता ग्रंथातील मुद्दा. तो मला समजायला आठ दिवस लागले, म्हणून जरा सावकाश सांगतो. १८९३ पर्यंत कोणीही चांदी घेऊन टाकसाळीत जावे व रुपये पाडून घ्यावेत, अशी मुभा होती. त्या साली सरकारने टाकसाळ लोकांना बंद केली. रुपये पाडण्याचा अधिकार एकट्या सरकारकडे राहिला. रुपयाचा भाव १६ पेन्स, म्हणजे एका सॉव्हरिनला पंधरा रुपये, असा धरला गेला. आतली चांदी मात्र एरवी त्याहून पुष्कळ स्वस्त. म्हणजे प्रत्येक नव्या रुपयामागे सरकारला नफा! हा नफा १९०० पासून ‘गोल्ड स्टँडर्ड रिझर्व्ह’ नावाच्या गंगाजळीत टाकू लागले. नाव सोन्याचे, पण ती ठेवलेली लंडनमध्ये, आणि बरीचशी इंग्रजी कर्जरोख्यांच्या रूपात. केन्ससारख्या विद्वानाने १९१३ साली ह्या पद्धतीची वाखाणणी केली होती.

बाबासाहेबांनी नेमके येथेच बोट ठेवले. ही गंगाजळी वाढते कशी? नवे रुपये पाडले तरच. म्हणजे जमा वाढली की देणेही वाढलेच. गंगाजळी फुगते आहे ह्याचा अर्थ चलन मजबूत झाले असा नसून रुपये जास्त झाले असा आहे. आणि रुपये जास्त झाले की महागाई. म्हणून गंगाजळी किती मोठी हे मोजत बसण्यापेक्षा रुपये पाडणाऱ्या हाताला कायद्याने मर्यादा घाला, टाकसाळ लोकांना बंद केली तशी सरकारलाही बंद करा, असे त्यांचे म्हणणे होते. डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देतानाही त्यांनी हेच मांडले. रुपया स्वस्त ठेवावा अशी त्या काळी व्यापाऱ्यांची मागणी होती. बाबासाहेबांनी दाखविले, की त्यातून होणारा फायदा देशाचा नव्हे. भाव चढतात, मजुरी मागे राहते, आणि मजुराच्या खिशातून निघालेला पैसा व्यापाऱ्याच्या खिशात जातो. कापूस वेचायला जाणाऱ्या माझ्या आईला हे सांगितले, तर ह्यासाठी लंडनला जायची काय गरज, असे ती म्हणेल.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो. गुरुजनांनी राग मानू नये. रिझर्व्ह बँक बाबासाहेबांच्या ग्रंथावरून जशीच्या तशी उभी राहिली, असे जयंतीच्या भाषणांत आपण ऐकतो. आयोगाने १९२६ साली मध्यवर्ती बँकेची शिफारस केली व १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली, हे खरे. पण रुपये पाडणे कायमचे थांबवावे, ही बाबासाहेबांची मूळ योजना आयोगाने घेतली नाही. त्यांनी विचारलेला प्रश्न मोठा होता. त्यांचे मोठेपण सांगायला अतिशयोक्ती कशाला हवी?

आणि तो प्रश्न जुना झालेला नाही. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी सरकारजमा झालेल्या बिटकॉइनची राखीव गंगाजळी करण्याचा हुकूम काढला. एल साल्वादोरने २०२१ साली बिटकॉइनला कायदेशीर चलन केले होते. २०२५ मध्ये ते कलम सैल करावे लागले. स्ट्रॅटेजी नावाच्या अमेरिकन कंपनीने २०२० पासून सहा लाखांहून अधिक बिटकॉइन साठविले. पण त्यासाठी पैसा आणला तो मुख्यतः नवे शेअर आणि कर्जरोखे काढून. जमेबरोबर देणेही वाढते आहे! हे वाचताना मला लंडनमधली ती जुनी गंगाजळी आठवली. बिटकॉइनचे कैवारी म्हणतील, की आमचे नाणे दोन कोटी दहा लाखांच्या वर निघणारच नाही, मग आंबेडकर आमच्याच बाजूचे. बाबासाहेबांच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत. परंतु त्यांना मर्यादा हवी होती ती भाव स्थिर राहावेत म्हणून, हे ग्रंथ वाचणाऱ्याला दिसते. बिटकॉइनचा भाव वर्षात दुप्पटही होतो आणि निम्माही. माझ्या मावसभावाने सोयाबीनच्या पट्टीतले पैसे मोबाइलवरून अशाच एका नाण्यात घातले होते; ते निम्म्यावर आले तेव्हा त्याला पेरणीसाठी उसने काढावे लागले. राष्ट्राला उसने कोण देणार? १९९१ साली आपल्या देशाला सुमारे ४७ टन सोने इंग्लंडकडे तारण ठेवावे लागले होते. तारण ठेवायला सोने होते म्हणून निभावले.

ह्यानंतरचे बाबासाहेब सर्वांना परिचित आहेत : १९२७ चा महाड, १९३२ चा पुणे करार, घटनेचा मसुदा. अर्थशास्त्राकडे पुन्हा वळायला त्यांना सवड अशी मिळालीच नाही. १९५० साली त्यांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय काढले आणि मराठवाड्यातल्या आमच्यासारख्या घरांतील पहिली मुले कॉलेजची पायरी चढली. १९४७ साली रुपयाचा ग्रंथ मुंबईत पुन्हा छापला गेला, तेव्हा १९२३ नंतरचा इतिहास दुसऱ्या खंडात देण्याचे त्यांनी योजले होते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. तो खंड लिहून झाला नाही.

पहिला खंड महाराष्ट्र शासनाच्या सहाव्या खंडात आहे. आपल्या ग्रंथालयातील प्रतीच्या कार्डावर माझ्याआधी दोनच नावे होती.