संत झेली मार्टिन : कामाचे टेबल आणि पाळणा

घरांना आशीर्वाद देण्यासाठी आम्ही धर्मग्रामात फिरतो, तेव्हा तरुण मातांकडून एक प्रश्न हमखास ऐकतो. बाळंतपणाची रजा संपत आली आहे. आता नोकरी सोडावी की बाळाला पाळणाघरात ठेवावे? घरात आजी असली तर प्रश्न थोडा हलका होतो, पण मिटत नाही. नोकरीवर जाणारीला वाटते, आपण आई म्हणून कमी पडलो. घरी राहिलेलीला वाटते, आपले शिक्षण वाया गेले. दोघींनाही देता येईल असे तयार उत्तर आमच्यापाशी नाही. मात्र एका आईचे चरित्र आहे. ते आज आपण पाहू या.

बालयेशूची संत तेरेजा आपणा सर्वांना परिचित आहे. तिची आई झेली ग्वेरें हिचा जन्म २३ डिसेंबर १८३१ रोजी फ्रान्सच्या नॉर्मंडी भागात झाला. वडील शिपाईगडी, आई अतिशय कडक. साधी बाहुलीसुद्धा या मुलीला कधी मिळाली नाही आणि ही खंत तिला मोठेपणीही विसरता आली नाही. धर्मभगिनी होऊन रुग्णांची सेवा करावी, अशी तिची इच्छा होती; पण मठाने तिला स्वीकारले नाही. तेव्हा तिने आलाँसाँ शहराची प्रसिद्ध लेस शिकून घेतली आणि विशीतच स्वतःचा धंदा उभा केला. ही लेस सुईने, हाताने करतात. एक चौरस सेंटिमीटर लेस करण्यास सरासरी सात तास लागतात. कारागीर बायका आपापल्या घरी तुकडे तयार करीत आणि गुरुवारी झेलीकडे आणून देत. ते तुकडे जोड दिसणार नाही असे एकमेकांना जोडणे, हे सर्वांत नाजूक काम झेली स्वतः करीत असे.

१३ जुलै १८५८ रोजी घड्याळजी लुई मार्टिन यांच्याशी तिचा विवाह झाला. त्यांना नऊ मुले झाली. म्हणजे घर आणि कारखाना एकाच छपराखाली! पहाटेची मिस्सा, मुलांचे खाणेपिणे, गिऱ्हाइकांची घाई आणि रात्री उशिरापर्यंत दिव्याखाली सुई. आपण या धंद्याचे गुलाम झालो आहोत, असे तिला अनेकदा वाटे. काम सोडून द्यावे, असा विचार मनात येई. पण मुलींच्या शिक्षणाची आणि भवितव्याची तरतूद करायची होती. कारागीर बायकांची चूलही त्याच कामावर पेटत होती. तिने काम चालू ठेवले.

त्याची किंमत होती. प्रकृतीमुळे पुढच्या बाळांना अंगावर पाजणे तिला जमेना. त्या काळच्या रीतीप्रमाणे बाळे दाईकडे ठेवावी लागली. दोन मुलगे वर्षाच्या आतच दगावले. १८७० साली पाच वर्षांची एलेन गेली. त्याच वर्षी जन्मलेली तान्ही मुलगी शहरातल्या एका दाईच्या हयगयीमुळे उपासमार होऊन दोन महिन्यांतच गेली. आपण बाळ कोणाच्या हाती दिले, हा सल एका आईच्या काळजात किती खोल गेला असेल!

२ जानेवारी १८७३ रोजी तेरेजा जन्मली आणि तीही लवकरच मरणाच्या दारात पोचली. झेली पहाटे एकटीच पायी सेमाले या खेड्यात गेली आणि रोझ तायये या ओळखीच्या दाईला घेऊन आली. तेरेजा वर्षभराहून अधिक काळ त्या शेतकरणीच्या घरी वाढली आणि एप्रिल १८७४ मध्ये गुटगुटीत होऊन घरी परतली. एका दाईच्या घरी मूल गमावले, दुसरीच्या घरी ते वाचले. परक्या हातात मूल देणे चांगले की वाईट, एवढाच प्रश्न नाही. ते हात कोणाचे, हे पाहणेही आईबापांचेच काम आहे.

शाळेचीही तीच कथा. थोरल्या मारी आणि पोलीन यांना ल मां शहरातील व्हिजिटेशन मठाच्या वसतिशाळेत ठेवले. त्यांची मावशी तेथे धर्मभगिनी होती. दोघी उत्तम शिकल्या. तिसरी लेओनी मात्र त्या शाळेत टिकली नाही. तिला घरी परत पाठवले गेले. ही मुलगी कोणाचेच ऐकेना. ऐके ते फक्त मोलकरणीचे. १८७७ साली मारीच्या लक्षात आले, की ती मोलकरीण लेओनीला गुपचूप धाक घालून दडपून ठेवीत होती. घरातच राहणाऱ्या आईला घरातलेच दिसले नव्हते! झेलीने लेओनीला आपल्याजवळ ओढून घेतले आणि पोर हळूहळू उमलू लागली. पण आईपाशी वेळच उरला नव्हता. स्तनाच्या कर्करोगाने २८ ऑगस्ट १८७७ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी झेली देवाघरी गेली. तेरेजा तेव्हा साडेचार वर्षांची होती.

आता लुईंकडे पाहू. १८७० साली त्यांनी आपले घड्याळाचे दुकान भाच्याला विकले होते. बायकोच्या धंद्याचे हिशेब आणि गिऱ्हाइकांकडच्या फेऱ्या त्यांनी आपल्या अंगावर घेतल्या. झेलीच्या मृत्यूनंतर मुलींना मामाचा आधार मिळावा म्हणून ते आपले शहर सोडून लिझ्यू येथे राहावयास गेले. पाचही मुली पुढे धर्मभगिनी झाल्या. शाळेत न टिकलेली लेओनी चौथ्या प्रयत्नात मठात स्थिरावली आणि आज ख्रिस्तसभा तिच्याही संतपदाचा विचार करीत आहे. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी लुई आणि झेली यांना एकत्रच संत घोषित केले.

तत्त्वज्ञान शिकताना साध्य आणि साधन यांतला भेद आम्हांला शिकवला गेला. नोकरी, पाळणाघर, शाळा, घरी राहणे ही सारी साधने आहेत. साध्य आहे ते लेकरू. झेलीने काम सोडले नाही म्हणून ती कमी आई ठरली नाही. जी माता मुलांसाठी घरी राहते तीही काही गमावून बसलेली नाही. झेलीच्या हातून चुका झाल्या, पण चूक दिसताच ती उठली आणि मुलाकडे गेली.

एक गोष्ट मात्र आम्हांला खटकते. नोकरी सोडू का, असा प्रश्न आजवर आम्हांला मातांनीच विचारला आहे. एकाही पित्याने नाही. १२ जुलै हा या दांपत्याचा सण. त्याआधी एखाद्या रात्री मुले निजल्यावर नवराबायकोने समोरासमोर बसून या प्रश्नावर बोलावे आणि या वेळी तो आधी बाबांनी काढावा, एवढीच आमची विनंती.