जोसेफ पॅक्स्टन: काचेखाली उन्हाळा जपणारा माळी

जळगावची बसराई किंवा ग्रँड नैन केळी ज्या ‘कॅव्हेंडिश’ गटात मोडतात, त्या गटाचं नाव आलंय इंग्लंडमधल्या एका श्रीमंत ड्यूकच्या आडनावावरून. हे केळं ड्यूकच्या बागेत वाढवणारा माळी म्हणजे जोसेफ पॅक्स्टन. पुढे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमुळे तो जगाला माहीत झाला, पण त्याचं खरं इंजिनिअरिंग झालं ते थंडीपासून झाडं वाचवताना.

१८०३ साली बेडफर्डशायरमधल्या एका शेतकरी कुटुंबात त्याचा जन्म झाला. इंजिनिअरिंगचं शिक्षण शून्य. १८२६ मध्ये, विशीतच, तो डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थ इस्टेटचा मुख्य माळी झाला. भल्या पहाटे पोहोचला, गेट बंद होतं, तर चढून आत गेला आणि सहा वाजता माणसांना कामाला लावलं. त्याच सकाळी भेटलेल्या सारा बाऊनशी पुढच्या वर्षी लग्नही केलं!

आता प्रॉब्लेम काय होता ते बघूया. कडाक्याच्या थंडीत पानातलं पाणी आधी पेशींच्या बाहेर गोठतं. हा बर्फ पेशींमधलं पाणी ओढून घेतो आणि पेशी कोलमडतात. केळीला तर शून्य अंशापर्यंत जायची गरजही नसते. पारा बरेच दिवस दहाच्या खाली राहिला तरी ती आजारी पडते. त्यात तिथे डिसेंबरात दिवस जेमतेम साडेसात तासांचा. म्हणजे ऊब हवी आणि मिळेल तेवढा उजेडही हवा. पण काच वाढवली की रात्री उष्णता बाहेर जाते, लाकूड वाढवलं की सावली पडते.

पॅक्स्टनने छप्पर सपाट न ठेवता घडी घातलेल्या कागदासारखं केलं. त्यामुळे सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन काचेवर जवळजवळ सरळ पडतं आणि दुपारचं जरा सौम्य होतं. घड्यांमधल्या लाकडी पन्हाळीला त्याने जादा खाचाही पाडल्या. बाहेरचा पाऊस आणि काचेच्या आत जमणारे थेंब, दोन्ही एकाच पट्टीतून निघून जायचे. (मला तर ही पन्हाळ छपरापेक्षाही भारी वाटते.) या पट्ट्या कापायला त्याने वाफेवर चालणारं यंत्र बनवलं. आजच्या भाषेत, एकच मॉड्युल हजारो वेळा.

यातून १८३६ ते १८४० दरम्यान ‘ग्रेट स्टोव्ह’ उभं राहिलं: २७७ फूट लांब, १२३ फूट रुंद. आतून घोडागाडी जायची. जमिनीखाली आठ बॉयलर आणि सुमारे सात मैल लोखंडी पाइप. त्यातून गरम पाणी फिरायचं. कोळसा बोगद्यातून यायचा, म्हणजे वर राजेशाही पाहुण्यांना काजळी दिसू नये.

१८४९ च्या नोव्हेंबरात त्याने चॅट्सवर्थलाच अ‍ॅमेझॉनचं महाकमळ फुलवलं. क्यू गार्डनला ते तोवर जमलं नव्हतं. टाकीतलं पाणी कोमट ठेवून छोट्या चाकांनी ते हलतं ठेवलं होतं. पान इतकं मजबूत की त्याची लहान मुलगी अ‍ॅनी त्यावर उभी राहिली. याच कमळासाठी बांधलेल्या काचघराची पद्धत मोठी करून त्याने १८५१ चा क्रिस्टल पॅलेस उभारला. तिथले पोकळ लोखंडी खांबच पावसाचे पाइप होते. त्याला ‘सर’ किताब मिळाला, १८५४ मध्ये तो खासदार झाला आणि १८६५ मध्ये वारला.

ग्रेट स्टोव्हची पूर्ण भिस्त मात्र कोळशावर होती. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, बॉयलर थंड पडले आणि आतली उष्ण प्रदेशातली झाडं मेली. १९२० मध्ये ती इमारत सुरुंग लावून पाडली. आता तिथे झुडपांचा भूलभुलैया आहे.

पॅक्स्टनचीच दुसरी, साधी रचना अजून उभी आहे: दक्षिणेकडे तोंड केलेली एक लांब भिंत. तिच्या आत गरम हवेसाठी पोकळ वाटा ठेवल्या होत्या आणि १८४८ मध्ये पुढे काच बसवली. दिवसभराचं ऊन ही भिंत धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते. तिच्या आडोशाला कॅमेलिया आजही फुलतात.